पीएफचे दोन यूएएन, दोन नावं: फॉर्म भरण्याआधी हे वाचा

प्रश्न : फेब्रुवारी 2015 ते मार्च 2021 मी चाकणच्या एका कंपनीत माहेरच्या नावाने नोकरी केली. ती कंपनी आता बंद आहे. जुलै 2021 ते फेब्रुवारी 2025 दुसऱ्या कंपनीत होते. तिथे आधारवरच्या सासरच्या नावाने नवा यूएएन (पीएफचा सदस्य क्रमांक) निघाला. एजंट म्हणतो, दोन्ही पीएफ खात्यांतले पैसे काढून मोकळ्या व्हा. माझं वय 36 आहे. काय करू?

उत्तर : एजंटला आजच नाही म्हणा. पहिली नोकरी 6 वर्षं 2 महिने, दुसरी 3 वर्षं 8 महिने. दोन्ही मिळून 9 वर्षं 10 महिने. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची सेवा 10 वर्षं झाली आणि तुम्ही पेन्शनला पात्र झालात. पण दोन यूएएन वेगळे असल्यामुळे पोर्टलला दोन वेगळ्या बायका दिसतात आणि दोघींची सेवा दहा वर्षांच्या आत. त्यामुळे दोन्हीकडे पेन्शनची रक्कम काढण्याचा फॉर्म 10 सी भरून पैसे काढता येतील, आणि त्याबरोबर हा सेवाकाळ कायमचा पुसला जाईल. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार 15,000 धरला, तर पेन्शनच्या सूत्राप्रमाणे 15,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे 58 व्या वर्षापासून दरमहा सुमारे 2,143 रुपये. रक्कम लहान आहे, पण ती आयुष्यभराची आहे, आणि तुमच्या मागे पती व मुलांनाही पेन्शन आहे.

दुसरं नुकसान कराचं. नवं खातं एकटं काढलंत तर सेवा पाच वर्षांच्या आत, म्हणून 50,000 किंवा त्याहून जास्त रकमेवर पॅन असूनही 10 टक्के टीडीएस. जुनं खातं त्यात वर्ग केलं की आधीची वर्षंही मोजली जातात.

आता दुसऱ्या कंपनीचं पासबुक उघडा आणि पेन्शनचा रकाना बघा. 15,000 किंवा जास्त पगारावर तिथे दरमहा 1,250 दिसायला हवेत. शून्य असेल तर कंपनीने तुम्हाला नवीन सदस्य समजून पेन्शन योजनेबाहेर ठेवलंय. 1 सप्टेंबर 2014 नंतर 15,000 च्या वर पगारावर पहिल्यांदाच येणाऱ्याला पेन्शन योजना नाही, पण 2015 मध्ये पहिल्या नोकरीला लागताना तुमचा पगार 15,000 पर्यंत असेल, तर तुम्ही आधीच्या सदस्य आहात. ही दुरुस्ती त्या कंपनीकडून आधी करून घ्या, नाहीतर ती 3 वर्षं 8 महिने मोजलीच जाणार नाहीत.

चालू ठेवायचा तो आधार जोडलेला नवा यूएएन. जुन्या खात्यावरचं नाव जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे सदस्य आणि कंपनी दोघांच्या सहीच्या दुरुस्ती अर्जाने, बदलायचं. कंपनी बंद असल्याने तिची सही मिळणार नाही. फॉर्म राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून, विवाह नोंदणी दाखला आणि आधार जोडून संबंधित पीएफ कार्यालयात द्या आणि पोच घ्या. जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीखही त्याच फेरीत तपासा. सोडल्याची तारीख कोरी असेल तर ट्रान्सफर अडकते, आणि बंद कंपन्यांच्या खात्यांत ती बऱ्याचदा कोरीच असते.

नाव जुळलं की पोर्टलवर 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट'मधून ट्रान्सफर टाका. नाकारली तर कारण लेखी मागा आणि ईपीएफआय-जीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात जुनी पेन्शनची रक्कम शून्य दिसेल. घाबरू नका, पेन्शन फंडाचे पैसे हलत नाहीत, फक्त सेवाकाळ हलतो. तो अनेक्शर के या कागदावर लिहिलेला असतो. त्याची प्रत मागून घ्या आणि त्यावर 6 वर्षं 2 महिने लिहिलेत का, हे स्वतः मोजा.