आठवण साठवलेली कुठे असते?

प्रश्न: 2024 चं फिजिक्सचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं तेव्हा वाचलं, की हॉपफिल्ड नेटवर्कला (एकमेकांना जोडलेल्या कृत्रिम न्यूरॉनच्या जाळ्याला) अर्धवट चित्र दिलं तरी ते पूर्ण चित्र आठवतं. मग ते चित्र साठवलेलं नेमकं कुठे असतं? आणि कितीही चित्रं साठवता येतात का?
– बारावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: कुठल्याच एका जागी नसतं, न्यूरॉनमधल्या सगळ्या जोडण्यांमध्ये मिळून पसरलेलं असतं, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. पेनड्राइव्हमधली फाइल उघडायला ती कुठे आहे ते माहीत लागतं, इथे आठवणीचा तुकडा दिला की बाकीचं तो स्वतःच ओढून आणतो.

वही घे आणि करूनच बघ. चार न्यूरॉन, प्रत्येक एकतर +1 नाहीतर -1, सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणजे 6 जोडण्या. पॅटर्न ठेवायचा + - + -. ज्या दोघांचं चिन्ह सारखं त्यांच्या जोडणीला +1, वेगळं असेल तर -1, झालं शिकवून. (मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांची, 1949 ची.) आता चौथा मुद्दाम बिघडव: + - + +. बाकी तिघांची किंमत गुणिले त्यांची चौथ्याशी असलेली जोडणी, असं केलं की येतं -1, -1, -1, बेरीज -3, म्हणजे उणे, म्हणून चौथा -1 होतो आणि पॅटर्न परत जागेवर! 1982 मध्ये हॉपफिल्डनी दाखवलं की जोडणी दोन्ही बाजूंनी सारखी असेल आणि एका वेळी एकच न्यूरॉन बदलत असेल, तर नेटवर्कची एनर्जी (न्यूरॉनच्या किमती जोडण्यांशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) कधीच वाढत नाही, त्यामुळे ते कुठेतरी स्थिरावतंच.

कितीही मात्र साठवता येत नाही, कारण सगळे पॅटर्न त्याच जोडण्यांवर एकावर एक चढतात. रँडम पॅटर्न असतील तर न्यूरॉनच्या साधारण 14 टक्के इतकेच, म्हणजे 100 न्यूरॉन आणि 4950 जोडण्या असूनही जेमतेम 13-14, त्यापुढे नवीन तर राहत नाहीच पण जुनंही पुसट होतं. शिवाय न शिकवलेल्या आठवणीही तयार होतात, तुझ्याच वहीत - + - + टाकून बघ, तोसुद्धा तितकाच पक्का बसतो, आणि मोठ्या नेटवर्कमध्ये तीन पॅटर्नची भेसळ होऊन चौथाच उभा राहतो.

मेंदूत हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणींशी संबंधित भागाच्या, सीए3 नावाच्या तुकड्यातले न्यूरॉन आपापसात असेच भरपूर जोडलेले असतात म्हणून तिथे असंच काहीतरी चालत असावं असं बरेच संशोधक मानतात, फक्त खऱ्या जोडण्या दोन्ही बाजूंनी सारख्या नसतात.

पायथन येत असेल तर 10 बाय 10 च्या चौकटीत (एक घर म्हणजे एक न्यूरॉन, एकूण 100) मराठी अक्षरं काढून शिकव, पण प आणि ष एकत्र देऊ नकोस, इतकी सारखी दिसणारी असली की 13 च्या खूप आधीच गोंधळ सुरू होतो.