विनोद आधी चालवून बघ

प्रिय दोस्ता,

तंत्रज्ञान-विज्ञानाच्या बातम्यांवर प्रोग्रामरांसाठी लिहून तू पाठवलेल्या विनोदांपैकी निम्म्यांत आरोपी एकच आहे: डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी व्यवस्था. मोठी सेवा बंद पडली की हे नाव खिशातून निघतंच, आणि बऱ्याचदा ते खरंही ठरतं, म्हणून तर ते टिकलंय. पण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, त्या प्रसंगाला तू ते जसंच्या तसं चिकटवलंस आणि विनोद अर्धवट राहिला. त्या दिवशी देखभालीच्या कामात बॅकबोनची (मुख्य जाळ्याची) क्षमता तपासायला एक कमांड दिली गेली आणि तिने डेटा सेंटरांना जोडणारं सगळं जाळंच तोडलं. अशा कमांड अडवायला एक तपासनीस प्रोग्राम होता. बग (प्रोग्राममधली चूक) नेमका त्याच्यातच होता. डीएनएस सर्व्हर मात्र चालू होते. त्यांची रचना अशी, की डेटा सेंटरशी बोलणं तुटलं तर दोष आपल्याच जोडणीत आहे असं समजून त्यांनी बीजीपीवरची, म्हणजे ‘आमच्यापर्यंतचा रस्ता हा’ असं इतर जाळ्यांना कळवणाऱ्या व्यवस्थेतली, आपली घोषणा मागे घ्यायची. त्यांनी इमानेइतबारे तसं केलं, आणि बाहेरच्या जगाला त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता उरला नाही. एवढं कळलं की ओळ आपोआप बदलते: ‘पत्ता सांगणाऱ्याचाच पत्ता हरवला.’ शब्द चारच, पण आतली यंत्रणा त्यात आली.

बातमीवरचा आपल्या लोकांचा विनोद हा वेष पालटून आलेला बग रिपोर्ट असतो. समोरचा प्रोग्रामर हसण्याआधी तो मनात चालवून बघतो. चालला नाही तर हसायचं सोडून तो चूक काढत बसतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून पहिल्या तासात लिहूच नकोस. तेव्हा हातात असतं ते फक्त स्टेटस पेज (सेवेची स्थिती सांगणारं कंपनीचं पान), आणि त्यावर ‘काही वापरकर्त्यांना अडचण येत आहे’ याच्या पलीकडे काही नसतं. मूळ कारणाचा अहवाल येऊ दे. तो वाचताना विशेषणं गाळ आणि आकडे शोध. १९ जुलै २०२४ची क्राउडस्ट्राइकची घटना घे: या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल सोडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर गेली. त्यावर ‘शुक्रवारी डिप्लॉय करू नये’ (नवं कोड वापरात सोडू नये) हा विनोद ढिगाने झाला, आणि तो कुठल्याही शुक्रवारी चालला असता. खरा माल अहवालात होता: कोडला २१ रकाने अपेक्षित होते, त्याला मिळाले २०. चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तो कधी वाचलाच गेला नव्हता. प्रत्यक्ष वापरात प्रोग्राम तो वाचायला गेला तेव्हा ॲरेच्या (रकान्यांच्या यादीच्या) हद्दीबाहेर पडला, तोही कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणून अख्खं यंत्र आडवं झालं. यावर लिही: ‘एकविसाव्या ताटातला घास उचलायला गेला. ताटं वीसच होती.’ दुसरा आकडाही तिथेच आहे. सदोष फाइल जागतिक वेळेनुसार ०४:०९ला सुटली आणि ०५:२७ला मागे घेतली गेली, म्हणजे ७८ मिनिटांत. पण सुरू होतानाच कोसळणारं यंत्र नवी फाइल घेणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाने यंत्रापाशी जायचं, सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल काढायची, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली शोधायची. ‘माघार ७८ मिनिटांत, दुरुस्ती पायी पायी.’ रोलबॅक (बदल मागे घेणं) आणि रिकव्हरी (यंत्रं पुन्हा उभी करणं) यांतला फरक ज्याने भोगलाय त्याला इथे हसू येईल, थोडं कडवट.

गृहीतकं मोडतात तिथे तर आयतंच मिळतं. ४ जून १९९६ला एरियान ५ या रॉकेटचं पहिलं उड्डाण ४० सेकंदांच्या आत संपलं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली गेली, आणि तिथे ३२७६७च्या वर जागा नाही. ते कोड एरियान ४वरून उचललेलं होतं. त्या रॉकेटचा आडवा वेग इतका कधी वाढतच नसे. वर कडी म्हणजे ती गणना उड्डाणानंतर लागतच नव्हती. ‘जुनं कोड, चालतंय, हात लावू नकोस’ हे वाक्य इथे निव्वळ उद्धृत केलं तरी विनोद होतो.

विज्ञानाच्या बातम्यांत जरा जपून. तिथे आपला हातखंडा कमी आणि आत्मविश्वास तेवढाच. क्वांटम संगणकाची बातमी आली की ‘पंधराचे अवयव पाडले, आता सगळे पासवर्ड फुटणार’ ही ओळ येतेच. पहिला अर्धा भाग इतिहासाला धरून आहे: २००१ साली सात क्यूबिटांवर (क्वांटम संगणकाच्या बिटांवर) १५ = ३ × ५ करून दाखवलं होतं. दुसरा अर्धा भाग चुकीचा. शोरच्या पद्धतीपासून (क्वांटम संगणकावर अवयव पाडायच्या रीतीपासून) धोका आहे तो आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह या कूटलेखनाच्या पद्धतींना. हॅश करून, म्हणजे उलटा वाचता न येणाऱ्या रूपात, ठेवलेला पासवर्ड हे वेगळं प्रकरण. शिवाय डिसेंबर २०२४च्या गूगलच्या विलो चिपची खरी बातमी अवयवांची नव्हतीच. क्यूबिटांची जाळी ३×३वरून ५×५ आणि मग ७×७ केली तसा चुकांचा दर प्रत्येक पायरीला साधारण निम्मा झाला. माणसं वाढवली आणि चुका कमी झाल्या! असं सॉफ्टवेअर प्रकल्पात कोणी पाहिलंय? हा विनोद तुझा तू बांध, सामान दिलंय.

२०११ साली न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचा दावा आला होता. पुढे सैल बसलेली ऑप्टिकल फायबरची जोडणी सापडली. ‘केबल नीट बसवली का?’ हा हेल्पडेस्कचा प्रश्न इथे अक्षरशः लागू पडला. त्याहून गमतीची गोष्ट मात्र फार जणांनी उचलली नाही: घड्याळाच्या ऑसिलेटरमध्येही (ठोके देणाऱ्या भागातही) दोष होता, आणि त्याचा परिणाम उलट दिशेला होता. एकमेकांना झाकणारे दोन बग म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

घडणीबद्दल एकच सल्ला: चेहरा सरळ ठेव. उत्तम नमुना म्हणजे १ एप्रिल १९९० रोजी निघालेला आरएफसी ११४९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज), कबुतरांवरून इंटरनेटचे पॅकेट (माहितीचे तुकडे) पाठवण्याचा. त्यात हसण्याची एकही खूण नाही. पॅकेटची कमाल मर्यादा मात्र बाइटऐवजी मिलिग्रॅममध्ये दिली आहे, साधारण २५६. २००१ साली नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काहींनी तो खरंच राबवला: नऊ पॅकेट गेले, चार उत्तरं आली, ५५ टक्के गळती, आणि सर्वांत जलद उत्तराला सुमारे ५३ मिनिटं. हे सगळं पिंग या जोडणी तपासणाऱ्या कमांडच्या नेहमीच्याच मांडणीत छापलेलं आहे, आणि हसू त्या मांडणीतूनच येतं. तूही एरर लॉग, कमिट मेसेज (कोडमधल्या बदलाची नोंद), रिलीज नोट (नव्या आवृत्तीची टीप) असा एखादा साचा घे आणि शेवटपर्यंत मोडू नकोस. शेवटी हसरे चेहरे लावलेस की साचा फुटला.

इंग्रजीतले विनोद उचलून मराठीत आणायच्या फंदात तर पडूच नकोस. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘नाचता येईना अंगण वाकडे’ तयारच आहे. अंगणाऐवजी सर्व्हर घाल, बास.

कुठे करू नये तेही सांगतो. बिघाड चालू असताना त्या कामाच्या चॅनेलवर अजिबात नाही. तिथे प्रत्येक ओळ कोणीतरी ताणात वाचत असतं. ज्याने कमांड दिली त्या माणसावर कधीच नाही. यंत्रणेने ती चालू का दिली यावर कर. थेराक-२५ या किरणोपचार यंत्रात १९८५ ते १९८७ दरम्यान रुग्णांना जीवघेणा डोस बसला आणि त्यामागे रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांच्या वेळेची गाठ चुकल्याने होणारा बग, होती. रेस कंडिशनवर खुशाल हस, पण उदाहरण म्हणून ते यंत्र घेऊ नकोस. आणि चाचणीच्या डेटात किंवा एरर मेसेजमध्ये गंमत लिहू नकोस. ती एक दिवस ग्राहकाच्या पडद्यावर उमटते. कोडमधला विनोद काढणंही सोपं नसतं. १९९८च्या १ एप्रिलला थट्टेत निघालेला ‘मी चहाची किटली आहे’ हा वेबवरच्या एचटीटीपी संवादातला ४१८ हा एरर क्रमांक कोड लायब्ररींतून काढायची सूचना २०१७ साली आली, तेव्हा लोकांनी विरोध केला. एचटीटीपीच्या २०२२च्या मानकात तो क्रमांक ‘न वापरलेला’ म्हणून राखून ठेवलेला आहे.

तुझ्या यादीतला जनुकांचा विनोद शिळा झालाय. ‘मार्च१’ या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं, म्हणून २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकाचंच नाव बदललं. ‘जनुक बदलेल, एक्सेल बदलणार नाही’ ही तुझी ओळ तेव्हा अचूक होती. २०२३मध्ये ते आपोआप रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली. आता ती ओळ वापरायची तर ‘बदललं, पण सेटिंग शोधावं लागतं’ इतकी तरी दुरुस्ती कर.

एक विषय आत्तापासून हाताशी ठेव. १९ जानेवारी २०३८ला जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ नंतरच्या सेकंदाला सेकंद मोजणारं ३२ बिटांचं चिन्हांकित (ऋण संख्याही धरणारं) घड्याळ भरून उलटेल आणि १३ डिसेंबर १९०१वर जाईल. पुढच्या पत्रात त्यावर एक रिलीज नोट लिहून पाठव, तीन ओळींची. तारीख आणि वेळ आधी स्वतः प्रोग्राम चालवून पडताळ.

तुझा,
एक जुना प्रोग्रामर