वाचक विचारतात : मुंबई विद्यापीठाचे म्हणावे तरी कोणाला?

१८ जुलै हा मुंबई विद्यापीठाचा स्थापनादिन. त्या निमित्ताने विद्यापीठातील नामवंतांविषयी या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत विचारणा एकाच गोष्टीची आहे : अमुक थोर व्यक्ती खरोखर या विद्यापीठाची होती का? विद्यापीठाचा कारभार पूर्वी कसा चालत असे हे ठाऊक नसले, तर याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडा अधिक वेळ घेत आहोत.

प्रश्न : लोकमान्य टिळक पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले, तरीही मुंबई विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांत त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. पुण्याचा मान मुंबईने परस्पर लाटला, असे यावर कोणी म्हटले तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पत्रातील पुणेरी खोच आवडली, पण आरोप टिकणारा नाही. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे काम. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. त्यामुळे मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी होण्यासाठी मुंबईत पाऊल ठेवण्याचीही गरज नव्हती. सिंधपासून धारवाडपर्यंतचा सगळा मुंबई इलाखा या एका विद्यापीठाच्या कक्षेत होता, आणि पुण्याचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. तोवर डेक्कन, फर्ग्युसन किंवा सांगलीचे विलिंग्डन यांपैकी कोणत्याही महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठाचेच नाव असे. गोपाळ कृष्ण गोखले आधी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकून १८८४ साली बी. ए. झाले, गाव बदलले, महाविद्यालय बदलले, विद्यापीठ मात्र तेच राहिले. महर्षी धोंडो केशव कर्वे हेही एल्फिन्स्टनमधून त्याच साली पदवीधर झाले.

मॅट्रिकची परीक्षाही तेव्हा विद्यापीठच घेत असल्याने यादी आणखी लांबते. मोहनदास करमचंद गांधी १८८७ साली अहमदाबाद केंद्रातून ही परीक्षा उत्तीर्ण झाले, काही काळ भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात राहिले आणि पदवी न घेता विलायतेला गेले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्यांची पदवी मात्र केंब्रिजची. अशा दोघांना विद्यापीठाचे परीक्षार्थी म्हणावे, पदवीधर म्हणू नये, असे आमचे मत आहे.

प्रश्न : विद्यापीठाचे अगदी पहिले पदवीधर कोण होते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ साली झाली. शंभराहून अधिक मुले बसली आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली बी. ए. ची पहिली तुकडी बाहेर पडली, ती चौघांची : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यानंतर दोनच वर्षांनी फिरोजशहा मेहता बी. ए. झाले. पुढच्या अर्धशतकातील महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन, मग ते कायद्याचे क्षेत्र असो, धर्मसुधारणेचे असो वा काँग्रेसचे, ज्यांच्याभोवती फिरत राहिले, त्यांतील कितीतरी माणसे परीक्षेच्या या पहिल्या काही याद्यांतच सापडतात.

प्रश्न : दादाभाई नौरोजी आणि होमी भाभा यांची नावे काही ठिकाणी विद्यापीठाच्या पदवीधरांत दिसतात. ते बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ साली इंग्लंडला गेले. विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी स्थापन झाले. होमी भाभा एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकले खरे, परंतु पदवीपूर्वीच १९२७ साली ते केंब्रिजला दाखल झाले. महाविद्यालयाचा अभिमान आणि विद्यापीठाची पदवी यांची गल्लत केली की अशा चुका होतात.

प्रश्न : पहिले भारतीय कुलगुरू कोण, आणि त्या काळी कुलगुरू कशा प्रकारची माणसे होत? (एक वाचक, पणजी)

उत्तर : काशिनाथ त्र्यंबक तेलंग. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेल्या तेलंगांकडे १८९२ साली हे पद आले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भगवद्‌गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारा हा विद्वान काँग्रेसच्या स्थापनेतही पुढे होता. त्यांच्यानंतर १८९३ साली डॉ. भांडारकर कुलगुरू झाले. मॅट्रिकच्या पहिल्या परीक्षेला बसलेला मुलगा चौतीस वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसला, याची नोंद विद्यापीठाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

कुलपती म्हणजे इलाख्याचे गव्हर्नर आणि कुलगुरू सरकारने नेमलेले, अशी तेव्हाची रीत होती. कुलगुरुपद मानद होते, त्यामुळे न्यायमूर्ती, वकील, मोठे सनदी अधिकारी किंवा धर्मोपदेशक आपला व्यवसाय सांभाळून ते भूषवीत. चिमणलाल सेटलवाड १९१७ ते १९२९ अशी सलग बारा वर्षे या पदावर राहिले आणि त्या अवधीत नामांकित वकील, विधिमंडळाचे सदस्य आणि जालियनवाला बाग प्रकरणाच्या चौकशी समितीतील एक सभासद अशा भूमिकाही त्यांनी पार पाडल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांच्याकडे हे पद होते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर हेही पुढे कुलगुरू झाले.

पहिल्या महिला कुलगुरू डॉ. मेहरू बेंगाली यांची नेमणूक व्हायला १९८० चे दशक उजाडले. १९९५ ते २००० या काळात हे पद सांभाळणाऱ्या डॉ. स्नेहलता देशमुख या लहान मुलांच्या शल्यचिकित्सक होत्या, आणि विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव घालण्याच्या निर्णयाशी त्यांचे नाव जोडले जाते. विद्यापीठाचे अधिकृत नाव ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत, १९९६ साली. आजची नेमणूक मानद नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार शोध समिती नावे सुचवते, कुलपती या नात्याने राज्यपाल त्यांतून निवड करतात, आणि मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंतची असते.

प्रश्न : मुलींना पदवी केव्हापासून मिळू लागली? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : स्त्रियांना पदवी परीक्षांची दारे १८८३ साली उघडली. पहिली पदवीधर म्हणून नाव येते ते नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे. डेक्कन महाविद्यालयातील मुलांच्या वर्गात बसून त्यांनी प्रथम वर्ग मिळवला. इंग्लंडला शिकायला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती या गुणवत्तेवर त्यांच्या पदरात पडायला हवी होती, पण स्त्री असल्याने ती नाकारली गेली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात महाविद्यालयात शिकवून त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे बऱ्याच उशिरा सुरू केल्यामुळे ती पदवी प्रत्यक्ष हाती पडायला आणखी तीस वर्षे जावी लागली. पदवीच्या बाबतीत मुंबई ऑक्सफर्डच्या पुढे होती, हे येथे नमूद करावेसे वाटते. शिष्यवृत्तीच्या बाबतीत मात्र सरकारने माती खाल्ली.

प्रश्न : विद्यार्थ्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. विद्यापीठाचे स्वतःचे प्राध्यापक कोण होते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा मिळाली, तरी मुंबईत त्याची खरी सुरुवात १९१९ साली समाजशास्त्र विभागाने झाली. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार होते. १९२४ साली विभागाची सूत्रे मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, ती त्यांच्याकडेच राहिली. संस्कृतात मुरलेला आणि केंब्रिजमध्ये मानवशास्त्र शिकलेला हा माणूस एकाच वेळी जुन्या ग्रंथांच्या आणि प्रत्यक्ष समाजाच्या आधारे जातिव्यवस्थेचा शोध घेत होता. इरावती कर्वे यांनी एम. ए. चे संशोधन त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केले, म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास आणि भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक मांडणी करणारे अ. र. देसाई हेही त्यांचे विद्यार्थी. या शिष्यांची गुरूशी मते पुढे जुळली नाहीत. श्रीनिवासांनी ग्रंथांपेक्षा गावात राहून केलेल्या निरीक्षणावर भर दिला, तर देसाईंची मांडणी मार्क्सवादी होती. विभाग जिवंत होता याचा याहून चांगला पुरावा आम्हाला सुचत नाही.

दुसरे ठळक उदाहरण माटुंग्याचे. १९३३ साली सुरू झालेल्या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाला जुने विद्यार्थी अजूनही ‘यूडीसीटी’ म्हणतात. तेथूनच पदवी घेतलेले मनमोहन शर्मा केंब्रिजहून परतल्यावर १९६४ साली, ऐन सत्ताविशीत, तेथे प्राध्यापक झाले आणि पुढे संचालक. १९९० साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि गिरगावात गरिबीत वाढलेले रघुनाथ माशेलकर त्यांच्याच हाताखाली १९६९ साली पीएच. डी. झाले आणि पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. २००८ साली हा विभाग मुंबई विद्यापीठापासून वेगळा होऊन स्वतंत्र संस्था झाला. त्यामुळे माशेलकरांवर आता दोन संस्था हक्क सांगतात. पदवी मुंबई विद्यापीठाची असल्याने आमचा कौल विद्यापीठाच्या बाजूने आहे.

प्रश्न : डॉ. आंबेडकरांचा मुंबई विद्यापीठाशी संबंध केवळ विद्यार्थी म्हणून होता का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुळीच नाही, आणि या विद्यापीठाशी इतक्या नात्यांनी बांधलेला दुसरा माणूस आम्हाला आठवत नाही. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची वाट शाळेतच अडवली गेल्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली होती. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, १९२८ पासून शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत होते आणि १९३५ साली तेथील प्राचार्य झाले. ही दोन्ही महाविद्यालये तेव्हा विद्यापीठाशी संलग्न होती.

सहसा सांगितली जात नाही ती बाब अशी, की विद्यापीठाच्या रचनेवर त्यांनी बारकाईने टीका केली. १९२४ साली विद्यापीठ सुधारणा समितीपुढे दिलेल्या लेखी उत्तरांत त्यांनी पदवीचे आणि पदव्युत्तर अध्यापन एकमेकांपासून तोडण्यास विरोध केला. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ त्यांना मान्य नव्हते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सेनेटमध्ये, मागास वर्गांना प्रतिनिधित्व देण्याची मागणी केली. विद्यापीठाच्या कारभारात ज्यांचा आवाज नाही, त्यांच्या शिक्षणाची चिंता विद्यापीठ करील कशावरून, हा त्या मागणीमागचा सवाल होता. त्याआधी पंचेचाळीस वर्षांपूर्वी, १८८२ साली, महात्मा फुले यांनी सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जवळजवळ हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला होता : शेतकऱ्यांच्या करातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते. फुले या विद्यापीठाचे कोणीच नव्हते, पण विद्यापीठाने कोणाला घडवले याची चर्चा करताना कोणाला बाहेर ठेवले हेही पाहायचे असेल, तर त्यांचे निवेदन वाचण्याला पर्याय नाही.

आंबेडकर टीकेवर थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ते महाविद्यालयही मुंबई विद्यापीठालाच संलग्न आहे.

प्रश्न : राजाबाई टॉवर विद्यापीठाला कोणी दिला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये त्यांनी दिले, आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे अशी अट घातली. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा असून तो कधी भारतात आला नव्हता. १८६९ साली सुरू झालेले काम १८७८ साली पुरे झाले. शेजारच्या दीक्षान्त सभागृहासाठीचा मोठा वाटा सर कावसजी जहांगीर यांनी उचलला होता.