नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या देवांच्या, पुराणकथा फक्त मार्व्हलमुळे फेमस आहेत का? साहित्यात त्यांना खरंच काही जागा आहे का, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

मार्व्हलचा थॉर कॉमिकमध्ये आला १९६२ साली. त्याआधी १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइथला संगीतकार वॅग्नरचा चार ऑपेरांचा अख्खा संच रंगमंचावर आला होता तो याच कथांवर, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनने आपल्या बुटक्यांची नावं, अगदी जादूगार गँडाल्फचं नावसुद्धा, 'वोलुस्पा' या जुन्या कवितेतल्या यादीतून उचललंय. पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. या कथा आज आपल्यापर्यंत आल्यात त्याच मुळी साहित्यामुळे.

म्हणजे बघा, आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घेतला, जुन्या देवांची पूजा गेली, आणि त्यानंतर दोनशे वर्षांनी, १२२० च्या आसपास, स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या एका ख्रिस्ती माणसाने या गोष्टी लिहून काढल्या. कशासाठी, तर कविता कळत राहावी म्हणून. तिकडचे कवी वस्तूचं सरळ नाव घ्यायचे नाहीत, सोन्याला म्हणायचे 'सिफचे केस'. सिफ ही थॉर देवाची बायको, लोकी नावाच्या खोडकर देवाने खोडी काढायला तिचे सगळे केस कापले, थॉर त्याची हाडं मोडायला उठला तेव्हा लोकीने घाबरून बुटक्या कारागिरांकडून सोन्याचे केस करून आणले, डोक्याला लावले की खऱ्या केसांसारखे वाढणारे. आता ही गोष्टच माहीत नसेल तर ती ओळ कशी लागणार? आपल्याकडे उद्या महाभारत सांगणारं कुणी उरलं नाही तर 'द्रौपदीची थाळी' म्हणजे नुसतं एक ताट. स्नोरीने हे ओळखलं आणि तरुण कवींसाठी एक गाइडच लिहिलं, तेच आज 'गद्य एडा' म्हणून ओळखलं जातं. मला त्या माणसाबद्दल फार कृतज्ञता वाटते.

आणि ज्या जुन्या कवितांना 'काव्य एडा' म्हणतात त्यातल्या बऱ्याचशा तर एकाच हस्तलिखितात टिकल्यात, कोडेक्स रेगियस, हातात मावेल एवढं चामड्याच्या पानांचं पुस्तक, ४५ पानं उरलीत आणि ८ गहाळ, तीही नेमकी सिगुर्ड या वीराच्या कथेच्या मध्यावरची. १६४३ मध्ये ते एका आइसलँडच्या बिशपच्या हाती आलं, त्याने पुढे ते डेन्मार्कच्या राजाला पाठवलं, आणि १९७१ च्या एप्रिलमध्ये डॅनिश नौदलाच्या जहाजातून ते परत आलं तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर हजारो लोक जमले होते. पुस्तकाला घ्यायला!

सुरुवात स्नोरीच्या एडातल्या 'गिल्फागिनिंग' या भागाने करा, आणि त्यातही फेनरिर लांडग्याची गोष्ट आधी शोधा. देवांनीच वाढवलेलं पिल्लू, पण ते इतकं वाढायला लागतं की त्याच्याजवळ जाऊन खायला घालायची हिंमत फक्त टीर या देवाला होते. लोखंडाच्या दोन बेड्या तो तोडतो. मग बुटके एक फीत बनवतात, रेशमासारखी मऊ, सहा गोष्टींची: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास, पक्ष्याची थुंकी. लांडग्याला संशय येतो. तो म्हणतो, तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, मग बांधा. सगळे एकमेकांकडे बघतात आणि टीर हात पुढे करतो. फीत तुटत नाही हे दिसल्यावर सगळे देव हसतात, टीर सोडून, त्याचा हात गेला.

स्नोरी यावर काहीच भाष्य करत नाही, पुढे जातो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबलो, कारण ज्याने त्या पिल्लाला भरवलं त्यानेच त्याला फसवलं आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली, आणि हे सगळं अर्ध्या वाक्यात.

त्यानंतर काव्य एडातली 'थ्रिम्सक्विदा' ही कविता वाचा, त्यात चोरीला गेलेला हातोडा परत मिळवायला थॉर नवरी बनून राक्षसाच्या घरी जातो आणि लग्नाच्या जेवणात एक अख्खा बैल नि आठ सॅमन मासे संपवतो, खूप मजेशीर आहे. 'वोलुस्पा' मात्र शेवटी ठेवा, तिच्यात जगाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं भराभर येतं आणि नावं ओळखीची झाली असतील तरच ती लागते.