एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर अरोमाथेरपी: कोणतं तेल, किती थेंब, कसं लावायचं?

तुमचा प्रश्न असा: एंडोमेट्रिओसिसचं निदान झालंय, हार्मोनची गोळी चालू आहे, तरी महिन्यातले चार-पाच दिवस ओटीपोट आणि कंबर धरून बसावं लागतं. अशा वेळी सुगंधी तेलांचा खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर ती कशी वापरायची?

उपयोग होतो, पण नेमका कुठे होतो ते आधी सांगायला हवं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर, गर्भाशयामागच्या पोकळीत वाढते आणि तिथे सूज धरते. त्या जागेपर्यंत लॅव्हेंडर पोचत नाही. तेलाने गाठ विरघळत नाही, चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) लहान होत नाही, चिकटलेले अवयव सुटत नाहीत. असं कुणी सांगत असेल तर त्या माणसाकडून काहीही विकत घेऊ नका. पण वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्था हळवी होते, ओटीपोटाचे आणि त्याखालचे स्नायू सतत आवळलेले राहतात, झोप उडते आणि तेच दुखणं दुप्पट वाटू लागतं. वास, ऊब आणि हाताचा स्पर्श या दुसऱ्या भागावर काम करतात.

यावरचे बहुतेक अभ्यास साध्या पाळीच्या दुखण्यावर झालेत, एंडोमेट्रिओसिसवर फार थोडे. २००६ साली कोरियात महाविद्यालयीन मुलींवर एक प्रयोग झाला. त्यात ५ मिली बदाम तेलात लॅव्हेंडरचे २, क्लॅरी सेज या सुगंधी वनस्पतीचा १ आणि गुलाबाचा १ थेंब घालून १५ मिनिटं पोटाला मालिश केलं होतं आणि दुखणं कमी झाल्याचं दिसलं. मात्र यात अडचण अशी, की वास लपवता येत नाही. आपल्याला खरं तेल लावलंय हे कळतंच, त्यामुळे मालिशचा गुण किती आणि तेलाचा किती हे वेगळं काढणं कठीण असतं.

ते मिश्रण साधारण ४ टक्क्यांचं होतं. सुरुवातीला मी २ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. ढोबळमानाने २० थेंब म्हणजे १ मिली धरा. गडद काचेच्या ३० मिलीच्या बाटलीत एकूण १२ थेंब: लॅव्हेंडर ६, क्लॅरी सेज ३, मरवा ३. हो, वेणीत माळतात तोच मरवा. बाटलीवर ‘स्वीट मार्जोरम’ असं लिहिलेलं असतं. गुलाबाचं अस्सल तेल फार महाग असल्यामुळे त्याच्या जागी मरवा चांगला. आधी थेंब टाका, मग वरून तेल भरा आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून घोळवा. अशा बाटलीत पाच-सहा वेळचं मालिश होतं.

वरून भरायचं साधं तेल बदामाचं किंवा तिळाचं घ्या. खोबरेल चालतं, पण थंडीत गोठतं. मोहरीचं नको, ते स्वतःच त्वचेला झोंबतं. सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम टाळा, तिळाची असेल तर तीळ.

खरेदीतच निम्मी फसगत होते. ‘फ्रेग्रन्स ऑइल’ म्हणजे नुसता कृत्रिम वास. ‘इसेन्शियल ऑइल’ लिहिलेलं असावं आणि सोबत वनस्पतीचं शास्त्रीय नावही. लॅव्हेंडरसाठी ‘लॅव्हँड्युला अँगस्टिफोलिया’ बघा. जम्मूतल्या भद्रवाहच्या शेतांमुळे आता भारतीय लॅव्हेंडरही मिळतं. ‘स्पाइक लॅव्हेंडर’ घेऊ नका, त्यात कापराचा अंश जास्त असतो. क्लॅरी सेज आणि नुसतं ‘सेज’ ही दोन निराळी तेलं आहेत. साध्या सेजमध्ये थुजोन नावाचं द्रव्य असतं आणि ते मेंदूला घातक ठरू शकतं. गुलाबाचं १० मिली तेल दोनशे रुपयांत मिळत असेल तर ते गुलाबाचं नाही.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा एक थेंब लावून २४ ते ४८ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

मालिश दुखणं शिगेला पोचायच्या आधी सुरू करा. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत रोज एकदा केलं तर जास्त बरं. त्याचं आणखी एक कारण आहे. तोच वास फक्त कळा येताना घेतला तर मेंदू त्याची सांगड दुखण्याशी आणि मळमळीशी घालतो. मग दोन महिन्यांत लॅव्हेंडरचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. म्हणून बऱ्या दिवसांतही, झोपताना, रुमालावर एखादा थेंब घेऊन त्या वासाची आरामाशी ओळख होऊ द्या.

आधी १५ मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने कापडावरून शेक घ्या. मग पाठीवर झोपा, गुडघे वाकवून खाली उशी घ्या. चमचाभर तेल तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळा, ते कोमट झालं की तळवा बेंबीखाली नुसता ठेवा आणि पाच-सहा श्वास तसेच जाऊ द्या. आवळलेलं पोट हाताखाली सैल होताना जाणवतं. तसं झाल्याशिवाय चोळायला लागू नका. मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कणीक हलक्या हाताने थापटताना लागेल एवढ्याच दाबाने, १० ते १५ मिनिटं. बोटं खुपसायची नाहीत. सोनोग्राफीत मोठी सिस्ट दिसली असेल तर पोटावर मुळीच दाब नको. तेव्हा कुशीवर झोपून कंबरेखालच्या माकडहाडावर आणि मांड्यांच्या आतून कुणाकडून तरी चोळून घ्या. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टाके भरून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पोटाला तेल नाही.

मालिशनंतर पुन्हा पिशवी ठेवायची असेल तर तेल पुसून घ्या. तेल आणि जास्त उष्णता एकत्र आली की त्वचा भाजल्यासारखी होते, शिवाय रबरही खराब होतं. तासन्‌तास रोज शेकल्याने पोटावर तपकिरी जाळीसारखे डाग पडतात, ते लवकर जात नाहीत.

हात लावणंही सहन होत नसेल तेव्हा कापसावर लॅव्हेंडरचे २ थेंब घ्या, नाकापासून वीतभर दूर धरा आणि चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असं दहा मिनिटं. डिफ्युझर (हवेत वास पसरवणारं यंत्र) असेल तर १०० मिली पाण्यात ३-४ थेंब, अर्धा तास, मग बंद. रात्रभर चालू ठेवल्याने डोकं दुखतं. घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा मांजर असेल तर डिफ्युझर नकोच.

लवंगेचं तेल ३० मिलीत दोन थेंबांच्या वर नको आणि दालचिनीच्या सालीचं त्वचेला लावूच नका. बडीशेप आणि अनीसची तेलं मी या आजारात टाळायला सांगेन. त्यांतल्या ॲनेथोल या घटकात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखे सौम्य गुण प्रयोगशाळेत दिसलेत आणि हा आजार इस्ट्रोजेनवर पोसतो. जेवणानंतरची चिमूटभर बडीशेप हा वेगळा विषय, ती खुशाल खा. लॅव्हेंडरबद्दलही अशी शंका घेतली गेली आहे, त्यावर एकमत नाही. म्हणून ते वर्षभर रोज अंगभर लावायचं नाही, ठरावीक दिवस आणि ठरावीक जागीच वापरायचं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विंटरग्रीनचं तेल असलेले बाम लावू नका. गर्भधारणेचा प्रयत्न किंवा आयव्हीएफ चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. कोणतंही तेल पोटात घ्यायचं नाही आणि योनीमार्गात तर अजिबात लावायचं नाही. टॅम्पॉनवर थेंब टाकायचा सल्ला इंटरनेटवर फिरतो, त्याने आतली नाजूक त्वचा भाजते.

पहिल्या दोन महिन्यांत काही झालं नाही आणि अचानक पुरळ आलं, तर तेल जुनं झालेलं असू शकतं. हवा लागली की लॅव्हेंडरमधल्या लिनालूल या घटकापासून ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. वर्ष उलटलं की टाकून द्या.

गोळी मात्र चुकवू नका. डॉक्टरांनी दिलेली मेफेनॅमिक ॲसिड किंवा नॅप्रोक्सेन ही दुखण्याची गोळी दुखणं चढायच्या आधी घेतली तर जास्त नीट लागू पडते, आणि ती खाल्ल्यावरच घ्या. ‘आधी तेल लावून बघू’ म्हणत ती लांबवली की मग दोन्ही कमी पडतात. ताप, चक्कर किंवा उलट्यांसह अचानक असह्य कळ आली तर तेलाची बाटली बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. पाळीत शौचातून किंवा लघवीतून रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना लगेच कळवा.

तीन पाळ्या वहीत लिहा: मालिशआधी दुखणं दहापैकी किती, अर्ध्या तासाने किती, त्या दिवशी किती गोळ्या लागल्या, रात्री किती तास झोप झाली. दुखण्याचा आकडा दोनाने उतरत असेल किंवा झोप वाढत असेल तर चालू ठेवा. काहीच हललं नाही तर नवीन तेलावर पैसे घालू नका. त्याच पैशात ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट गाठा आणि ही वही तिला दाखवा.