चष्म्याचा कागद पुरत नाही

प्रश्न : मॅडम, माझं वय २४, राहणार पिंपळगाव बसवंत. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६, त्यात सिलिंडर मायनस १.२५. डाव्याचा मायनस ५.५०. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला आहे, सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर बागेत असते. वैशाखात लग्न ठरलंय. जाड काचांचा चष्मा फोटोत नको म्हणून चष्म्याच्या कागदावरचे नंबर टाकून मोबाइलवरून महिन्याच्या लेन्स मागवल्या. उजव्या डोळ्याने अक्षरांना सावली दिसते आणि दुपारी चार वाजले की दोन्ही डोळे चुरचुरतात. मी नेमक्या कोणत्या लेन्स घ्याव्यात? आजी म्हणते, लेन्स सरकून डोळ्याच्या मागे जाते. खरं का?

उत्तर : माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

आधी आजीचं. पापणीच्या आतलं पातळ अस्तर वर जाऊन वळतं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतं. पिशवीच्या तळासारखी ती बंद जागा आहे, पलीकडे वाटच नाही. हरवलेली लेन्स बहुतेक वेळा वरच्या पापणीखाली घडी होऊन बसलेली असते, नाहीतर केव्हाच पडून गेलेली असते. मागे एक मुलगा भेदरून आला, ‘आत गेली’ म्हणत. मी दोन्ही पापण्या उलटून पाहिल्या, काही नाही. लेन्स त्याच्या शर्टाच्या कॉलरला वाळून चिकटली होती. आजीला हे सांग, हसतील.

आता तुझ्या कागदाचं. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. नंबर लहान असला तर एवढ्याशा अंतराने काही बिघडत नाही, पण ४ च्या पुढे फरक पडायला लागतो. तुझा डावा ५.५० डोळ्यावर आला की सव्वापाचच्या आसपास उतरतो, उजवा ६ साडेपाच ते पावणेसहाच्या मध्ये. म्हणजे तू मागवलेल्या दोन्ही लेन्स गरजेपेक्षा जास्त ताकदीच्या आहेत, आणि दिवसभर जवळून घड आणि मणी निरखताना तुझ्या डोळ्यांना ती जास्तीची ताकद ओढावी लागते.

उजव्या डोळ्याच्या सावलीचं कारण वेगळं आहे. सिलिंडर नंबर असलेलं बुबुळ एका दिशेने जास्त वाकलेलं असतं, चमच्याच्या पाठीसारखं. साधी गोल लेन्स त्यावर बसते खरी, पण तो वाक भरून काढत नाही. त्यासाठी टोरिक लेन्स लागते. ती डोळ्यात फिरू नये म्हणून तिच्या जाडीत फरक ठेवलेला असतो आणि काठावर बारीक खूण असते. घड्याळातल्या सहाच्या जागी ती खूण स्थिरावते का, हे मी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघते. थोडी तिरकी बसली तर तेवढा हिशेब धरून लेन्सचा अक्ष बदलते. टोरिकचे सिलिंडरही सहसा ०.७५, १.२५, १.७५ अशा पायऱ्यांनीच मिळतात. तुझा १.२५ डोळ्यावर १ च्या जरासा वर येतो, म्हणजे नेमका दोन पायऱ्यांच्या मध्ये. दोन्ही घालून तक्त्यावर वाचायला लावणे, एवढाच त्यावर उपाय. मोबाइल हे कसं करणार?

नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या माझ्या लेन्स-तपासणीच्या खोलीत आलीस तर काय होईल ते सांगते, म्हणजे दुसरीकडे कुठे गेलीस तरी काय मागायचं ते कळेल. येण्याआधी काही दिवस लेन्स पूर्ण बंद ठेव, नाहीतर बुबुळाचं माप बिघडलेलं येतं. हनुवटी टेकवायची, मशिनमध्ये बघायचं, बुबुळाची गोलाई मोजली जाते. मग पापणी उलटून आतली बाजू बघते, तिथे बारीक पुळ्या असल्या तर लेन्सचं नाव काढायच्या आधी ॲलर्जीचा इलाज. त्यानंतर नारंगी रंगाची ओली पट्टी डोळ्याला टेकवून निळ्या उजेडात अश्रूंचा थर पाहते. ‘पापणी लववू नकोस’ म्हणते आणि मोजते. दहा सेकंदांच्या आतच थराला भोकं पडायला लागली, तर डोळा कोरडा आहे आणि चार वाजताच्या चुरचुरीचं उत्तर तिथेच सापडतं. रंग धुऊन टाकल्यावरच ट्रायल लेन्स घालते, कारण सॉफ्ट लेन्स तो रंग पिऊन घेते.

लेन्सच्या डबीवर ८.४, ८.६ असे आकडे असतात, ती आतल्या वाकाची मापं. पण चपलेसारखंच आहे, एका कंपनीचं सात नंबर दुसऱ्या कंपनीच्या सातशी जुळत नाही. म्हणून ट्रायल घातल्यावर मी माणसाला बसवून ठेवत नाही. ‘जा, मेन रोडला चक्कर मारून ये, चहा घे,’ म्हणते. वीस मिनिटांनी पाहते. पापणी लवली की लेन्सने किंचित हललं पाहिजे. अजिबात हलली नाही तर ती घट्ट आहे आणि संध्याकाळपर्यंत डोळा लाल करील. फार घसरली तर सैल. घट्ट लेन्स पहिल्या तासात सगळ्यात आरामशीर वाटते, हीच तिची फसवणूक.

आणि आता ज्याबद्दल तू सगळ्यात कमी लिहिलंस, पण जे मला सगळ्यात जास्त विचारायचंय : तुझा दिवस. प्रीकूलिंगच्या, म्हणजे तोडलेली द्राक्षं झटपट गार करायच्या, खोलीत किती वेळ जातो? गार हवेच्या झोतात सॉफ्ट लेन्स सुकते. १९६१ च्या नाताळात प्रागमध्ये ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने घरी, मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र केलं आणि त्यावर पहिल्या सॉफ्ट लेन्स ओतल्या. पाणी शोषून मऊ होणारं प्लॅस्टिक होतं ते. आजच्या लेन्स खूप पुढे गेल्या असल्या तरी शोषण्याचा स्वभाव तोच. पाणी शोषतात, तसंच हवेतलं बाकीचंही.

म्हणून बागेचा प्रश्न. वेलीवरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी चालू असेल त्या दिवशी लेन्स नको, चष्मा आणि त्यावर गॉगल. फवारणीला तेच. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पेस्टिंगला, म्हणजे काड्यांना फूट येण्याचं औषध लावताना, तर जवळपासही लेन्स घालून उभी राहू नकोस. काडीचे डोळे फोडायचं औषध आपल्या डोळ्यांसाठी नसतं.

हे सगळं पाहता माझा कल रोज फेकायच्या लेन्सकडे आहे. उजव्याला टोरिक, डाव्याला साधी, दोन्ही सिलिकॉन हायड्रोजेलच्या, म्हणजे हवा जास्त जाऊ देणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या. मायनस नंबर मोठा असला की लेन्सचा काठ जाड होतो. बुबुळाला प्राणवायू रक्तातून नाही, मुख्यतः हवेतून मिळतो, तेव्हा त्या जाडीतूनही हवा जायला हवी. ‘रोजच्या महाग पडतात’ असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघ. आठवड्याला चारच दिवस घातल्यास तर महिन्याला दोन्ही डोळ्यांच्या मिळून ३४ च्या आसपास लागतील, ६० नाहीत. महिन्याच्या लेन्सचं पाकीट फोडलं की ३० दिवस मोजायचे, घाला किंवा घालू नका. शिवाय सोल्यूशन, आणि तीन महिन्यांनी बदलायची डबी. ती डबी मी लोकांना टेबलावर ठेवायला सांगते तेव्हा निम्मे जण ओशाळतात.

लग्नाचं वेगळं. हळदीच्या दिवशी चष्मा लाव, हळद लेन्सला लागली की जात नाही. लग्नाच्या सकाळी मेकअपच्या आधी लेन्स घाल, काजळ पापणीच्या आतल्या काठावर नको. उतरवतानाही आधी लेन्स, मग मेकअप. होमाच्या धुराने डोळे चुरचुरतील. अक्षता डोळ्यांत गेल्याचं मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा नवरदेवाच्या. पाठवणीच्या रडण्याने लेन्स सहसा वाहून जात नाही, पोटभर रड. जादाची एक जोडी करवलीच्या पर्समध्ये असू दे. आणि मेकअपवाल्या ताईंनी स्वतःच्या डबीतल्या रंगीत लेन्स पुढे केल्या तर हात जोडून नको म्हण. त्या आधीच्या नवरीच्या डोळ्यातून आलेल्या असू शकतात.

लग्नाच्या दोन महिने आधी तरी सुरुवात कर. पहिल्या दिवशी लेन्स घालायला एखाद्याला पाऊण तासही लागतो, मी कुणालाही एकट्याने घालता-काढता आल्याशिवाय घरी सोडत नाही. बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघायचं. वाटीसारखी दिसली तर सुलट, काठ बशीसारखे बाहेर वळलेले तर उलटी. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले हवेत. मिरची चिरल्यावर धुतलेल्या हातावरही विश्वास ठेवू नको, लेन्स काढण्याचं काम स्वयंपाकाच्या आधी.

झोपताना लेन्स काढायचीच. १९९६ साली मी स्वतः शिकत होते, डोळ्यांबद्दलच शिकत होते, आणि पुण्याहून रात्रीच्या एसटीने येताना नारायणगावच्या पुढे लेन्ससकट झोपले. सिन्नरला जाग आली तेव्हा डोळे चिकटले होते. नाशिकला उतरल्यावर स्टँडच्या नळाखाली लेन्स धुतली आणि परत घातली. तिसऱ्या दिवशी बुबुळावर जखम, तासातासाला थेंब, रात्रीही घड्याळ लावून. डाव्या डोळ्यात अजून पांढरा ठिपका आहे. पेशंटला आरसा देते तेव्हा कधी कधी तो दाखवते. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, अंधुक दिसणं, यातलं काहीही झालं तर लेन्स काढ आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लेन्स टाकून देऊ नको, डबीसकट घेऊन जा.

प्रश्न : वय ४७, शिक्षक, नाशिक रोड. पंधरा वर्षं लेन्स वापरतो, मायनस २.५०. लांबचं स्वच्छ दिसतं, पण पेपर तपासताना अक्षरं पुसट. मल्टिफोकल लेन्स घ्याव्यात का? दुसरं म्हणजे, २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडात स्नान करायचं आहे. लेन्स घालून डुबकी मारली तर चालेल?

उत्तर : सर, दुसऱ्याचं आधी, कारण ते सोपं आहे : नाही. नदीचं, विहिरीचं, तलावाचं, नळाचं, कुठलंच पाणी लेन्सला लागू नये. पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. तो लेन्सच्या आडोशाला राहून बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने औषधं चालतात, आणि दुखणं सहन होत नाही. लेन्स घरी काढून चष्म्यावर जा, डुबकीला चष्मा सोबतच्या माणसाकडे द्या. गंगामाईला नंबर विचारायचा नसतो.

पेपरांचं म्हणाल तर चाळिशी आहे, उशिरा आली इतकंच. मल्टिफोकलमध्ये एकाच लेन्सवर लांबच्या आणि जवळच्या ताकदीची वर्तुळं असतात. मेंदूने त्यातून हवं ते निवडायचं, आणि काहींना ते आठवडाभर जमत नाही. दुसरा मार्ग म्हणजे प्रबळ डोळा लांबसाठी ठेवून दुसऱ्यात जवळचं दिसावं म्हणून ताकद थोडी कमी करायची. तुम्ही रात्री त्र्यंबक रोडने गाडी चालवत असाल तर समोरच्या दिव्यांचा त्रास होतो का, हे ट्रायलवरच कळेल. माझं मत विचाराल तर आहेत त्याच लेन्स ठेवा आणि वर्गात खिशात जवळचा साधा चष्मा ठेवा. चष्मा टाळायला लेन्स घेतली, आता पुन्हा चष्मा, हे तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.

प्रश्न : माझ्या मुलाचं वय १९. दर सहा महिन्यांनी सिलिंडर नंबर वाढतो, नवा चष्माही महिन्यात निरुपयोगी. लहानपणापासून डोळे फार चोळतो. सॉफ्ट लेन्स लावून दिल्या तर नंबर थांबेल का? – एक आई, सिडको

उत्तर : ताई, लेन्सचं नंतर. आधी त्याच्या बुबुळाचा नकाशा काढून घ्या. टोपोग्राफी म्हणतात तिला, डोळ्याला काही टोचत नाहीत. चोळणं आणि वाढता सिलिंडर एकत्र असले की केराटोकोनसची शंका घ्यावी लागते. यात बुबुळ पातळ होऊन पुढे टोक काढतं. तसं असेल आणि वाढत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर क्रॉसलिंकिंग, म्हणजे बुबुळ बळकट करायचा इलाज, सुचवतील. त्याने वाढ थांबवता येते, आलेला वाक सहसा पूर्ण जात नाही. नीट दिसण्यासाठी मग लेन्स, पण बहुधा मऊ नाही. मऊ लेन्स त्या टोकावर टोकाचाच आकार घेते. कडक, पण हवा जाऊ देणारी आरजीपी लेन्स स्वतःचा आकार सोडत नाही, तिच्या आणि बुबुळाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात आणि नजर सरळ होते. ती टोचत असेल तर मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी स्क्लेरल लेन्स. ही वाटीसारखी सलाइनने भरायची, आरसा टेबलावर आडवा ठेवायचा आणि मान खाली घालून लावायची. माझ्याकडे शिकताना पोरं पहिल्या दिवशी शर्ट भिजवून घेतात.

चोळणं मात्र आजपासून बंद. खाज येत असेल तर गार पाण्याच्या घडीचा शेक आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब. दुकानातून स्वतःहून स्टेरॉइडचे थेंब आणू नका.

तपासणीला येताना चष्म्याचे जुने सगळे कागद आणा, फाटलेले, तारीख पुसलेलेसुद्धा.