विशेष वर्ग हाती घेताना

सप्रेम आशीर्वाद,

शाळेत यायला तयार नसलेल्या मुलांचा विशेष वर्ग तुझ्याकडे येतोय हे कळलं. मनापासून आनंद झाला, थोडी काळजीही वाटली, म्हणून लिहितोय.

ही मुलं दांडीबहाद्दर नव्हेत. दांडी मारणारं मूल घरच्यांपासून लपवतं. हे मूल घरच्यांच्या डोळ्यांसमोरच असतं. सकाळी पोटात दुखतं, मळमळतं आणि शाळेची वेळ टळली की बरं वाटतं. ते सोंग नसतं, दुखणं खरंच असतं. पण त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशी पाऊल आणखी जड होतं, म्हणून फार वाट पाहू नकोस.

‘का येत नाहीस?’ असं विचारू नकोस. बहुतेकांना ते सांगताच येत नाही. कोणत्या तासाला, कुठे, कुणासमोर नको वाटतं, ते विचार. कर्नी आणि सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये शाळा टाळण्यामागची चार कारणं मांडली: शाळेत वाटणारी भीती-अस्वस्थता, चारचौघांत बोलण्याचं किंवा परीक्षेचं दडपण, जवळच्या माणसाची ओढ आणि शाळेबाहेर मिळणारी जास्त आवडती गोष्ट. एकाच मुलात यातली दोन-तीनही सापडतात. परीक्षेला घाबरणाऱ्याला आणि आईला सोडून न राहवणाऱ्याला एकच उपाय लावलास, तर दोघंही घरीच राहतील. आणि छळ होत असेल, किंवा वाचनातली अडचण कुणाच्या लक्षातच आली नसेल, तर मुलाला धीट करत बसू नकोस. तिथे बदलायचं शाळेनं.

सुरुवात अर्ध्या तासानेही चालेल. वेळ मात्र ठरलेली हवी, वर्गात रोज तेच माणूस हवं. मूल ‘अजून बसतो’ म्हणालं तरी पहिले काही दिवस ठरल्या वेळी घरी सोड. दमलेलं मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

वर्गात जीव रमला की मूळ वर्ग आणखी दूर वाटू लागतो. म्हणून लवकरच आवडत्या विषयाची एक तासिका तिकडे ठेव: दाराजवळची जागा आणि असह्य झालं तर बाहेर पडायची ठरलेली खूण. सोबत्यांना काय सांगायचं ते त्या मुलालाच ठरवू दे. मोठ्या सुट्टीनंतर गाडी पुन्हा अडते. शाळा उघडण्याआधीच रिकाम्या वर्गात एक फेरी मारून आण.

पालकांना दोष देऊ नकोस, तो त्यांनी सगळ्यांकडून ऐकलेला असतो.

आणि रुजू होण्याआधी मुख्याध्यापकांशी एक गोष्ट पक्की कर: अर्धा तास आलेल्या मुलाचीही हजेरी लागली पाहिजे.